हवानाची पेटी आणि आमचे विडीचे बंडल

दिवाळीच्या अंकात या सदराने घरातली, रस्त्यावरली एखादी क्षुल्लक वस्तू हाती घ्यावी आणि तिचे कूळशील शोधावे, असा आपला शिरस्ता आहे. यंदाची वस्तू काही घरांत उजळ माथ्याने येते, काही घरांत चोरपावलांनी येते आणि काही घरांत तिचे नुसते नाव काढले तरी आजीच्या कपाळाला आठ्या पडतात. ही वस्तू म्हणजे विडी. गृहिणींनी एवढ्यात पान उलटू नये. विडी ओढा असे सांगण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. ती ओढू नये याचीच कारणे पुढे ओघाने येतील. आज पाहायची आहे ती विडी नव्हे, तर तिची वस्त्रे. म्हणजे तिच्यावरचे पान, पानावरचा दोरा, दोऱ्यावरचा कागद आणि कागदावरचा छाप.

विडी ही नावाप्रमाणेच विड्याची धाकटी बहीण. दोघांचे मूळ संस्कृतातल्या वीटिकेत. पानाची घडी घातली की विडा, पानाची सुरळी केली की विडी. मोठ्या भावाला तबकात मान मिळाला, लग्नाच्या पंगतीत मिळाला, देवापुढेही मिळाला. धाकटीच्या वाट्याला आली ती कानामागची जागा. खरे पाहता विडी हेच एक वेष्टन आहे. आत तंबाखू असते जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळा पानाचा थाट!

या वेष्टनाचा विचार डोक्यात शिरला तो कोकणात, दिघीच्या धक्क्यावर. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, उत्तरेला आगरदांडा आणि दक्षिणेला दिघी अशी ही दोन बंदरे समोरासमोर बसली आहेत. आगरदांड्याहून फेरीबोट माणसांना आणि मोटारींना पोटात घेऊन दिघीला आणून सोडते. वाटेत जंजिरा किल्ला पाण्यात बसलेला दिसतो. १९४८ सालापर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होता. धक्क्यावर एक वृद्ध तांडेल जाळे पसरून बसले होते. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पत्र्याची एक चपटी डबी काढली, डबीतून विड्यांचे बंडल काढले आणि बंडलातून एक विडी.

"तांडेल, विडीला ही पत्र्याची पेटी कशाला?" आम्ही विचारले.

"दर्यावर कागद टिकत नाय, साहेब. एक लाट आली का बंडल गेलं. डबी टिकते."

"आणि सिगारेट का नाही ओढत?"

"शिरगेट वाराच ओढून टाकतो. विडीचं तसं नाय. ती विझते, पन परत पेटते."

"छाप कोणता घेता?"

"छाप कोन वाचतो? आमच्या बापाला कुठं वाचाय येत होतं! तांबडा कागद नि वरचं चित्र बघायचं, झालं." मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "आता दुसरंबी चित्र असतं. आजाराचं. आमची घरवाली ती बाजू भुईकडं करून ठेवते बंडल."

तांडेलांच्या या चार वाक्यांत विडीच्या वेष्टनाचा बहुतेक सगळा इतिहास आला. वेष्टनाने माल राखावा, वेष्टनाने ओळख पटवावी आणि वेष्टनाने खरे सांगावे. या तीन कामांसाठी माणसाने काय काय केले, हे पाहायचे तर दिघीच्या धक्क्यावरून समुद्राकडे पाहावे लागते. कारण तंबाखू हिंदुस्थानात आली ती समुद्रावरूनच.

नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाने क्यूबा बेटाच्या आत दोन माणसे टेहळणीला धाडली. तिथले लोक वाळक्या पानांची सुरळी करून एका टोकाला पेटवतात आणि दुसऱ्या टोकाने धूर ओढतात, ही अजब बातमी घेऊन ती माणसे परत आली. ही युरोपियनांनी पाहिलेली पहिली चिरूट. पुढे शंभर वर्षांच्या आत पोर्तुगीजांच्या जहाजांतून तंबाखू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता, त्याला ती तिथे आढळली आणि त्याने ती रत्नजडित नळीसकट बादशहापुढे ठेवली. बादशहाने झुरके घेतले, हकीमाने नाक मुरडले. जहांगीराने १६१७ साली तंबाखूवर बंदीही घातली. पण बंदीने तंबाखू थांबल्याचे आजवर कुणी ऐकलेले नाही!

एकाच झाडाची ही पाने. पण क्यूबात तिच्या पानावर तिचेच पान गुंडाळून चिरूट झाली, आणि आपल्याकडे तिच्यावर रानातले पान गुंडाळून विडी झाली. नाते चुलतबहिणींचे, पण एकीला पालखी, दुसरीला पायवाट. आधी पालखीतली पाहू.

क्यूबाची चिरूट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चर्चिलसाहेबांच्या तोंडातले ते लांबलचक मुसळ येते. पण तिथल्या जाणकारांत मान आहे तो लहान मापाच्या चिरुटीला. माँटेक्रिस्तो हा छाप १९३५ साली निघाला. त्यातली चार नंबरची चिरूट जगात फार खपली. तिची लांबी १२९ मिलिमीटर, म्हणजे आपल्या वितीपेक्षा बरीच कमी. जाडी मोजण्याची रीत मौजेची आहे. इंचाचे चौसष्ट भाग करायचे आणि त्यांतले किती भरतात ते सांगायचे. या चिरुटीचे बेचाळीस भरतात. अर्ध्यापाऊण तासात संपणारी ही वस्तू. पण तिचा पोशाख पाहावा तर राजकन्येचा.

पेटी असते सीडर नावाच्या लाकडाची. हा आपला हिमालयातला देवदार नव्हे. हे झाड कडुनिंबाच्या कुळातले, आणि आपल्याकडच्या तून वृक्षाचे जवळचे नातलग. लाकूड सुवासिक, हलके, किडीला नावडते आणि ओल राखणारे. चिरूट फार सुकली तर तडकते, फार दमटली तर बुरशी धरते. तेव्हा तांडेलांची डबी जे काम करते तेच काम ही पेटी करते. एच. उपमन या नावाचा कारखाना १८४४ सालचा. मूळचे हे जर्मन घराणे, आणि चिरुटी सीडरच्या पेटीत घालून भेट देण्याची चाल त्यांनी पाडली, असे सांगतात.

पेटीला अंगाखांद्यावर कागद. झाकणाच्या आत मोठे रंगीत चित्र, कडांना सोनेरी नक्षी, प्रदर्शनांत मिळालेली पदके उठावात छापलेली, आणि प्रत्येक चिरुटीच्या गळ्यात कागदी अंगठी. ही चित्रे दगडावरून छापण्याच्या, म्हणजे शिळाछापाच्या तंत्राने निघत. आपल्याला हे तंत्र परके नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत जो छापखाना काढला आणि जो पुढे मळवलीला गेला, त्यातून घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती निघाल्या त्या याच तंत्राने. आणि देवतांबरोबर व्यापारी मालाच्या चिठ्ठ्याही निघाल्या. हवानात पेटीवर बसलेली सुंदरी आणि आपल्याकडे कापडाच्या ताग्यावर, काडेपेटीवर किंवा विडीच्या बंडलावर बसलेला वाघ, ही एकाच कलेची लेकरे.

सुंदर पेटी झाली की नक्कल आलीच. म्हणून क्यूबाच्या सरकारने १९१२ साली कायदा करून पेटीवर सरकारी हमीचा हिरवट कागद चिकटवायला सुरुवात केली. पुढे त्यावर क्रमांक आला, चकाकणारे होलोग्राम आले, यंत्राने वाचायच्या काळ्या रेघा आल्या. पेटीच्या बुडावरचा शिक्काही बोलका आहे. पूर्वी तो इंग्रजीत 'हवाना, क्यूबा येथे बनवलेले' असे सांगे. क्रांतीनंतर, १९६० च्या सप्टेंबरात कारखाने सरकारजमा झाले आणि शिक्का स्पॅनिशमध्ये बोलू लागला. १९८९ पासून त्यात 'संपूर्णपणे हाताने' अशी भर पडली.

या लहान चिरुटींची एक गोष्ट अमेरिकेत चवीने सांगतात. अध्यक्ष केनेडी यांना उपमनच्या 'पेटीट' म्हणजे लहान मापाच्या चिरुटी आवडत. फेब्रुवारी १९६२ मध्ये एका संध्याकाळी त्यांनी आपले वृत्तपत्र-सचिव पिएर सॅलिंजर यांना उद्या सकाळपर्यंत अशा हजारभर चिरुटी गोळा करा म्हणून सांगितले. सॅलिंजरांनी बाराशे आणल्या. त्या आल्याचे कळताच केनेडींनी खणातून कागद काढला आणि क्यूबाचा माल अमेरिकेत येण्यास बंदी करणाऱ्या हुकुमावर सही केली. सॅलिंजरांनीच ही हकीकत पुढे लिहिली. राष्ट्राला उपास आणि घरात फराळाचे डबे भरलेले, ही रीत केवळ आपल्याच पुढाऱ्यांची नव्हे, एवढाच त्यातला दिलासा!

आता पायवाटेवरच्या बहिणीकडे वळू. विडीचे पान पूर्वी जागोजागी निराळे असे. दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो त्या आपट्याच्या पानाच्याही विड्या होत. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून गेलेल्या पटेल मंडळींनी जबलपूरकडे विडीचा धंदा मांडला, आणि मध्य प्रांतातल्या रानांतले टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे पान विडीला सर्वांत सोयीचे ठरले. ते चिवट असते, मऊ असते आणि वळताना फाटत नाही. आजही गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागांत ऐन उन्हाळ्यात घरेच्या घरे पहाटे पान तोडायला निघतात. तंबाखू येते ती निपाणीच्या काळ्या रानातून आणि गुजरातेतून. मराठी बोलणाऱ्या निपाणीने या तंबाखूपायी रक्तही पाहिले आहे. भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले.

१९०१-०२ च्या सुमारास विड्यांचे छाप नोंदवले जाऊ लागले. ग्राहक बहुधा निरक्षर. तेव्हा चित्र हेच अक्षर. वाघ, सिंह, मोर, देव, आकडे, आणि पुष्कळदा खुद्द मालकाचा फेटेबंद फोटो, खाली 'नकली मालापासून सावध राहा' असा इशारा. चिरुटीच्या गळ्यात कागदी अंगठी, तर विडीच्या गळ्यात रंगीत दोरा. लाल दोऱ्याची विडी मागणारा लाल दोराच पाहून घेतो. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट फेकणाऱ्याला विडी हाच देशी पर्याय दिसला, आणि छापांची चलती झाली.

छापाला लोक किती मनावर घेतात, याचे अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी विडी' महाराष्ट्रात वर्षानुवर्षे खपत होती. छत्रपतींच्या पुत्राचे नाव विडीच्या बंडलावर असावे आणि ते बंडल गटारात पडावे, हे अनेकांना खटकले. आंदोलने झाली, कंपनीने २०२० साली नाव बदलण्याचे जाहीर केले आणि २०२१ पासून ती 'साबळे विडी' झाली. बंडलावर नाव कुणाचे असू नये, याचा निकाल लागला. कुणाचे असावे, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारायचा तर सिन्नर, अहिल्यानगर, सोलापूर किंवा कामठीच्या गल्ल्यांतून फिरावे लागेल. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बाई बसलेली असते. रात्री भिजवलेली पाने सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमटीने तंबाखू घालायची, सुरळी वळायची, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. एक विडी झाली. मजुरी हजारावर, म्हणजे ही कसरत हजार वेळा झाली की एक मजुरी. कारखान्यात माल द्यायला गेले की तपासनीस बोटाने विड्या चाळतो आणि न पटलेल्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो. पुढे भट्टीची ऊब देऊन, बंडले बांधून, त्यावर मालकाचा कागद चढतो.

विडी आणि चिरूट या बहिणींना आपल्या संसदेने एकदा एका ओळीत बसवले. १९६६ सालचा 'बिडी आणि सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम' हा तो कायदा. कामाचे तास, रजा, बाळंतपणाची सवलत अशा गोष्टी त्यातून आल्या. १९७६ साली विड्यांवर उपकर बसवून कामगारांसाठी कल्याण निधी उभारला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीला मदत मिळू लागली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर संपला. या बायका मुक्या राहिल्या असे मात्र नाही. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत कुंभारीला उभी राहिली. २००६ साली घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. दहा हजार दारांवर दहा हजार नावे! बंडलावर जागा मिळाली नाही, ती दारावर मिळाली.

हवानात आणखी एक चांगली चाल होती. १८६५ साली तिथल्या एका कारखान्यात चिरूट वळणाऱ्यांपुढे एक वाचक बसू लागला. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आणि त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. माँटेक्रिस्तो हे नावच ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, कारण ती वळणाऱ्यांची लाडकी होती. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही एक जण वर्तमानपत्र वाची, आणि त्याच्या वाटच्या विड्या इतर जण वळून देत. आपल्या उंबऱ्यातल्या बाईला हे सुख नाही; ती एकटी, आणि तिचे वाचन म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या.

आता वेष्टनाचे तिसरे काम: खरे सांगणे. विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सिगारेटीहून निरुपद्रवी, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा आत येत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, आणि डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड शरीरात सिगारेटीहून अधिकच जाते. दिघीचे तांडेल 'विझते, पन परत पेटते' म्हणून जिचे कौतुक करत होते, तिच्यातला धोका नेमका तिथेच आहे. आणि वळणारीही सुटलेली नाही. न ओढताच तंबाखूची धूळ तिच्या छातीत जाते, खोकला आणि पाठदुखी तिच्या घरात कायमची वस्तीला येतात.

पण ही गोष्ट वेष्टनावर यायला किती उशीर लागावा! १९७५ सालच्या कायद्याने इशारा छापणे सक्तीचे केले ते फक्त सिगारेटीच्या पाकिटावर. पाकिटवाल्याला सावध करणे सरकारला सुचले, बंडलवाल्याला करणे सुचले नाही. २००३ च्या कायद्यात विडीही आली, ३१ मे २००९ पासून चित्रमय इशारे आले, आणि १ एप्रिल २०१६ पासून ते वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापणे बंधनकारक झाले. एकेकाळी जिथे वाघ आणि फेटेवाले मालक विराजमान होते तिथे आता रोग बसला आहे. तरीही टपरीवर एकेक सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती वेष्टन पडतच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२० साली सुट्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. आणि ज्याच्या हाती पडते, त्याच्या घरी ती बाजू भुईकडे करून ठेवतात. बायकोला पाहवत नाही म्हणून चित्र झाकले जाते, हाच त्या चित्राचा खरेपणा.

तेव्हा हवानाची पेटी काय आणि आमचे बंडल काय, कागदावर आधी मालक बोलला, मग सरकार बोलले, शेवटी वैद्य बोलला. पेटीच्या बुडावर कारखान्याची खुणेची अक्षरे असतात, 'संपूर्णपणे हाताने' असेही असते. हात कुणाचा, ते मात्र नसते. विडी बंद व्हावी, असे आम्हालाही वाटते, आणि ती हळूहळू होईलही. पण ज्या दिवशी शेवटचे बंडल बांधले जाईल त्या दिवशी सूप बाजूला ठेवून उठणाऱ्या बाईच्या हाताला दुसरे काय काम देणार, याचे उत्तर आजच शोधायला हवे. ओढणाऱ्यासाठी कागदावर इशारा छापला गेला. वळणारीसाठी अजून काहीच छापलेले नाही.

या सणात आपल्या घरी अनेक वेष्टने येतील. फटाक्यांवरचे शिवकाशीचे रंगीत कागद, मिठाईचे खोके, कापडाच्या घड्यांवरच्या चिठ्ठ्या. वेष्टन फाडून टाकण्यापूर्वी मुलांना एकदा ते वाचायला द्यावे आणि विचारावे, यावर कुणाचे नाव नाही? मुले फार हुशार असतात. त्यांना उत्तर सापडेल.